भंडारदरा: गाव, धरण, धबधबे आणि काजवे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारदऱ्याला येण्याआधी, आणि काही वेळा येऊन गेल्यावरही, लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं फिरून एकाच गोष्टीपाशी येतात. हा तलाव नैसर्गिक नाही, तो शेतीसाठी बांधलेल्या धरणाचा साठा आहे, आणि इथलं पर्यटन त्या पाण्याच्या वेळापत्रकावर चालतं. तेवढं ध्यानात ठेवलं तर तुमची सहल चुकीच्या आठवड्यात पडणार नाही.

भंडारदरा नेमकं कुठे आहे? भंडारा जिल्ह्यात का?

नाही, भंडारा विदर्भात, इथून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेला आहे. उत्तरेला नाशिक जिल्हा लागतो आणि पश्चिमेला घाटघरच्या कड्याखाली थेट ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका. तालुक्याचं नाव अकोले, अकोला नव्हे. गाडीचं तिकीट काढताना ही गफलत अजूनही होते.

शेंडी आणि भंडारदरा ही दोन वेगळी गावं आहेत का?

धरणाच्या भिंतीलगतचं गाव ते शेंडी. एसटीचा थांबा, हॉटेलं, किराणा, जीपवाले, वाटाडे सगळं तिथे. भंडारदरा म्हणताना लोकांच्या मनात धरण, जलाशय आणि त्याभोवतीचा सगळा मुलूख असतो. एसटीत शेंडीचं तिकीट मागा. मोठी खरेदी, बँक, दवाखाना यांसाठी इथली माणसं राजूरला जातात. डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेही राजूरलाच. डांगी ही इथली धो धो पावसात टिकणारी, भाताच्या चिखलात राबणारी गुरांची जात. काळे-पांढरे ठिपके असलेला डांगी बैल रस्त्यात आडवा आला तर हॉर्न वाजवू नका, थोडं थांबा.

मुंबई, पुणे, नाशिकहून कसं यायचं?

मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, मग उजवीकडे वळून बारी आणि शेंडी. जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपर्यंतचा शेवटचा टप्पाही खुला झाल्याने घाटातली रांग टाळता येते. पुण्याहून नाशिक रस्त्याने संगमनेर, तिथून अकोले, राजूर, शेंडी. नाशिकहून घोटीमार्गे दोन तासांच्या आत पोचता येतं. रेल्वेने यायचं तर इगतपुरीला उतरा, पुढे एसटी किंवा जीप. शेंडीत एटीएमवर आणि मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, रोख पैसे आणा. रतनवाडी, साम्रद बाजूला तर रेंज जातेच.

धरण कोणी बांधलं आणि कशासाठी?

1899-1900 च्या दुष्काळाने दख्खनचं कंबरडं मोडलं. त्यानंतर 1901 ते 1903 या काळात सिंचन आयोग बसला आणि अवर्षणाच्या पट्ट्यात कालव्यांना पक्का साठा हवा, हा विचार पुढे आला. इथूनच निघणाऱ्या प्रवरा नदीवर संगमनेरच्या खाली ओझरचा बंधारा एकोणिसाव्या शतकातच झालेला होता. पण नदीच उन्हाळ्यात आटली की कालवा कोरडा. नदीला बारमाही करायचं तर तिच्या उगमाजवळ, जिथे पाऊस अफाट पडतो तिथे, पाणी अडवायला हवं. रतनगड, घाटघर, अलंग-कुलंग यांच्या उतारांवरून येणारं सगळं पाणी शेंडीजवळच्या एका अरुंद खिंडीतून जात होतं. धरणाला याहून चांगली जागा नव्हती.

1910 मध्ये काम सुरू झालं. सोळा वर्षं दगडावर दगड चढत राहिला आणि 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. भिंत सुमारे 82 मीटर उंच आणि 507 मीटर लांब आहे, घडीव दगड आणि चुन्याची. त्या काळच्या देशातल्या सर्वांत उंच दगडी धरणांत तिची गणना होत असे. शंभर वर्षं होत आली, भिंत अजून कामावर आहे.

या पाण्याने कोणाचं भलं झालं हे पाहायचं तर इथे नाही, खाली जायला हवं: संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा. प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि त्याच उसावर 1950 च्या सुमाराला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. महाराष्ट्राच्या सहकाराची गोष्ट सांगताना लोणीचं नाव घेतात, शेंडीचं कोणी घेत नाही. ते घ्यायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. जमीन इथली गेली, पाणी तिकडे गेलं.

विल्सन डॅम, आर्थर लेक आणि राघोजी भांगरे जलाशय ही तीन ठिकाणं आहेत का? नकाशावर गोंधळ होतो.

ठिकाण एकच. भिंतीला गव्हर्नर विल्सन यांचं नाव, मागच्या साठ्याला इंग्रज अभियंता आर्थर हिल यांचं. सरकारने अलीकडे या जलाशयाला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव दिलं आहे. जुन्या पाट्या आणि नकाशे बदलायला वेळ लागतो, म्हणून तिन्ही नावं कानावर पडतात.

राघोजी याच मुलखातले, अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजाचे. डोंगरातल्या किल्ल्यांची राखण हे इथल्या कोळी नाईकांचं पिढीजात काम होतं. 1818 नंतर कंपनी सरकार आलं, किल्ले निकामी झाले, नाईकांची वेतनं आणि हक्क गेले आणि त्यात सावकारांचा फास आवळला. राघोजींनी 1840 च्या दशकात सावकारांवर आणि सरकारवर उठाव केला. सावकारांच्या कर्जाच्या वह्या, गहाणखतं हे या उठावाचं खास लक्ष्य होतं. जानेवारी 1848 मध्ये पंढरपूरला ते पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. धरणाचं काम सुरू झालं त्याच्या साठेक वर्षं आधीची ही गोष्ट. ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभं आहे त्यांच्यातल्या माणसाचं नाव त्याला मिळालं, हे उचित झालं.

सगळ्यात चांगला महिना कोणता?

तुम्हाला काय पाहायचंय त्यावर आहे. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे. जुलै-ऑगस्ट पाऊस, धुकं, असंख्य धबधबे, आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर रानफुलं, तुडुंब तलाव आणि पिवळं पडत चाललेलं भात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी, किल्ले, सांदण दरी.

आम्हाला कोणी एकच काळ विचारला तर आम्ही सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा सांगतो, तोही सोमवार ते गुरुवार. धरण भरलेलं असतं, पाऊस उघडीप देतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि रस्ते मोकळे. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत ‘तलावकाठचा निवांतपणा’ मनात धरून येऊ नका. का, ते पुढच्याच प्रश्नात.

आम्ही मे महिन्यात आलो तर तलाव नव्हताच, चिखल होता! पाणी जातं कुठे?

खाली शेतीला जातं. धरणाची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे 11 टीएमसी (अब्ज घनफूट). पावसाळ्यात ते भरतं आणि मग रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस सोडायचं पाणी, सुटायला लागतात. एकेका आवर्तनागणिक पातळी उतरते. रतनवाडीकडचं टोक उथळ असल्याने पाणी तिथून आधी मागे सरतं आणि मंदिराजवळ बोटीने जाता येत नाही. मेमध्ये काठावर उघड्या पडलेल्या मातीच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात. पाणी एकेका आवर्तनाने कसं उतरत गेलं त्याच्या त्या खुणा.

खाली 2000 नंतर निळवंडे धरण झालं. त्याची क्षमता 8,320 दशलक्ष घनफूट. त्यामुळे भंडारदऱ्याचं पाणी बऱ्याचदा आधी निळवंड्यात घेऊन तिथून सोडतात. निळवंड्याचे कालवे मात्र रखडत रखडत 2023 मध्ये वाहते झाले. दुष्काळी गावांनी त्यासाठी काही पिढ्या वाट पाहिली. आपल्या दोन दिवसांच्या मुक्कामासाठी पाणी अडवून ठेवायला हवं होतं अशी तक्रार आमच्याकडे येते. ज्यांचं पीक त्या पाण्यावर आहे त्यांचा हक्क आधीचा आहे, एवढंच त्यावर सांगतो.

कधी कधी नोव्हेंबरमध्येच पातळी एकदम खाली येते, ते कसं?

ते जायकवाडी धरणामुळे. प्रवरा पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि गोदावरीवर पैठणला जायकवाडी आहे. खोऱ्यातलं पाणी समन्यायी पद्धतीने वाटायचं हे तत्त्व 2005 च्या राज्याच्या जलनियमन कायद्यात आहे. पावसाळ्याच्या शेवटी जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून हिशोबाने पाणी सोडावं लागतं. भंडारदरा आणि निळवंडे त्या वरच्या धरणांत येतात. म्हणून मराठवाड्यात पाऊस कमी झालेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग करताना ऑक्टोबरच्या मध्याच्या बातम्या वाचा. हॉटेलवाल्यांच्या हातात यातलं काही नसतं.

धरण कधी भरतं? छत्री धबधबा पाहायला कधी यायचं?

पाऊस वेळेवर असेल तर धरण साधारण ऑगस्टच्या मध्याला भरतं. 15 ऑगस्टच्या आत भरलं की तालुक्यात समाधानाचं वातावरण असतं आणि ‘परंपरा राखली’ असं वर्तमानपत्रं छापतात. घाटघर, रतनवाडीला पाऊस इतका पडतो की घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथे एका रात्रीत झालेला पाऊस सकाळी धरणाच्या आकड्यात दिसतो.

छत्री धबधब्याबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. तो डोंगरातून येणारा धबधबा नाही. भिंतीतली मोरी उघडली की पाणी खालच्या एका गोलसर खडकावर आदळतं आणि सगळ्या बाजूंनी उघड्या छत्रीसारखं ओघळतं. मोरी बंद असेल तर ऐन पावसातही तिथे नुसता खडक दिसतो. उघडायची की नाही हे पाण्याच्या गरजेवर ठरतं, सुट्ट्यांच्या यादीवर नाही. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून ‘छत्री चालू आहे का’ एवढंच विचारा. इथला प्रत्येक जण सांगू शकतो.

रंधा धबधबा एवढा प्रसिद्ध, मग आम्हाला एक धार तरी का दिसली नाही?

रंधा शेंडीच्या खाली, राजूर रस्त्याजवळ प्रवरेवर आहे. नदी एका घळीत सुमारे 170 फूट खाली झेपावते. जवळ घोरपडादेवीचं देऊळ आहे. पण धबधब्याच्या वरच पाणी अडवून ते कोदणीच्या वीजगृहाकडे वळवलेलं आहे. त्यामुळे धरणातून आवर्तन चालू असलं तरी रंध्यावर पाणी असेलच असं नाही. धरणाचा सांडवा वाहत असतो तेव्हा, म्हणजे बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, रंधा पूर्ण रूपात असतो आणि तुषार वरच्या कठड्यापर्यंत येतात. कठड्याच्या पलीकडे कोणत्याही महिन्यात उतरू नका. तिथला खडक शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो आणि माणसांचे जीव गेले आहेत.

1969 मध्ये धरण फुटायला आलं होतं म्हणतात, खरं का? मुक्काम सुरक्षित आहे ना?

1969 मध्ये भिंतीला तडे जाऊन मोठी गळती लागली होती, ही गोष्ट खरी आहे. साठा कमी केला गेला आणि पुढच्या काही वर्षांत खालच्या बाजूने भक्कम टेकू बांधून भिंत मजबूत करण्यात आली. भिंतीच्या खालून पाहिलं तर ते टेकू दिसतात. तेव्हापासून धरण बहुतेक दरवर्षी भरतं आहे. मुक्कामाची बहुतेक ठिकाणं भिंतीच्या वरच्या बाजूला किंवा उंचावर आहेत. धोका असतो तो नदीपात्रात: पावसाळ्यात विसर्ग वाढवतात तेव्हा खालचं पाणी बघता बघता चढतं. नदीत उतरून फोटो काढणं टाळा.

काजवे नक्की कधी आणि कुठे दिसतात?

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की. साधारणपणे मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात होते आणि मोसमी पाऊस धरून लागेपर्यंत चालतं. वळीव लांबला तर काजवेही लांबतात, म्हणून महिनाभर आधी तारीख पक्की करणाऱ्यांची कधी कधी निराशा होते. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, उडदावणे या गावांच्या आसपास, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते उतरतात.

अंधार पडून तासभर झाला की पहिल्यांदा एखाद-दुसरा ठिपका दिसतो. मग एका झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लखलखाट होतो, एक क्षण सगळं विझतं, आणि शेजारचं झाड पेटतं. झाडं आपसात बोलतायत असंच वाटतं. हा उजेड नरांनी मादीला घातलेली साद आहे. काजव्याची अळी महिनोन् महिने ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावरचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. त्या मोजक्या रात्रींत त्यांना जोडीदार सापडायला हवा.

म्हणून गाडीचे हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यांनी थेट नुकसान होतं. प्रखर उजेडात नराची खूण मादीला दिसतच नाही. माद्या गवतात, जमिनीलगत बसतात. गवत तुडवत झाडाशी गेलात की त्या पायाखाली चिरडतात. रस्त्यावरूनच पाहा. फांदी हलवू नका, काजवे बाटलीत भरू नका. वन विभाग या काळात रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा ठरवतो. त्या दरवर्षी बदलतात, नाक्यावर विचारा. तारीख निवडताना अमावास्येच्या आसपासची निवडा.

तलावाला गाडीने पूर्ण फेरी मारता येते का? किती वेळ लागतो?

येते. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. अंतर चाळीसेक किलोमीटरच, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा. पावसाळ्यात या वाटेवर दर वळणाला पाणी कोसळत असतं. नेकलेस, कोलटेंभे, न्हाणी ही त्यातली नावाजलेली नावं, बाकीच्यांना नावंच नाहीत आणि गर्दीही नाही. घाटघरला कोकणकड्यावर थांबा. धुकं फाटलं तर खाली कोकण दिसतं, नाहीतर पुढ्यात पांढरी भिंत. तिथलंच घाटघरचं धरण 250 मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचं आहे: विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या साठ्यातून पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं हे देशातलं पहिलं धरण.

ऑगस्टच्या सुट्ट्यांना पोलीस वाहतूक एकेरी करतात. त्या दिवशी मध्येच उलटं फिरता येत नाही, पेट्रोल आणि वेळ दोन्ही पाहून निघा.

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात पावसाळ्यात पिंड पाण्याखाली जाते, मग दर्शन होतं का?

होतं. गाभारा खोल आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि पिंड बुडते. गावकरी वरूनच फुलं वाहतात, तुम्हीही तसंच करा. मंदिर भूमिज शैलीतलं, काळ्या दगडाचं. शिलाहार राजा झंझाने बारा शिवालयं बांधली अशी नोंद ताम्रपटात आहे आणि अमृतेश्वर त्यातलं एक मानलं जातं. लोक शिखर पाहून निघून जातात, पण गावात शिरतानाच लागणारी पुष्करणी चुकवू नका. चौकोनी टाकं, भोवती पायऱ्या, आणि भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती. दुपारच्या तिरप्या उन्हात त्या मूर्तींचे चेहरे उठून दिसतात. टाक्यात पाय धुऊ नका.

कळसूबाई की रतनगड? एकच दिवस आहे.

राज्याचं सर्वांत उंच शिखर (1,646 मीटर) चढलो असं म्हणायचं असेल तर बारी गावातून कळसूबाई. वाट मळलेली, कड्यांना लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. नवरात्रात जत्रा असते, तेव्हा शिड्यांवर कोंडी होते. सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून बॅटऱ्यांची रांग लागते.

जंगलातून चालायचं, किल्ला पाहायचा आणि जलाशयाचा अख्खा आकार वरून डोळ्यांत भरायचा असेल तर रतनगड. रतनवाडीतून प्रवरेचा कोवळा ओढा ओलांडत वाट जाते, वर शिड्या, दरवाजे, गुहा आणि माथ्याजवळ कातळाला आरपार पडलेलं नेढं. वाऱ्याच्या दिवसांत नेढ्यात उभं राहता येत नाही, बसूनच राहावं लागतं. आमचं मत रतनगडाच्या बाजूने आहे. दोन्हीकडे वाटाड्या गावातलाच घ्या.

सांदण दरी पावसाळ्यात उघडी असते का? यूट्यूबवर तर लोक जाताना दिसतात.

नसते आणि जाऊ नये. साम्रदजवळची सांदण ही जमिनीला पडलेली भेग आहे. दोन्ही बाजूंना शेकडो फुटांच्या उभ्या भिंती, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही टेकतील एवढी अरुंद. वर कुठेतरी पाऊस झाला की सगळं पाणी या भेगेतून कोकणाकडे धावतं आणि मधल्या माणसाला वर चढायला जागाच नसते. पाऊस पूर्ण थांबून आत वाट मोकळी झाली की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरनंतर, जा. तेव्हाही सुरुवातीला गारठलेल्या पाण्यातून जावं लागतं. पूर्ण खाली उतरायचं तर दोर आणि जाणकार माणसं हवीत.

पोहता येईल का? बोटिंग?

पोहू नका. काठ दिसायला सौम्य असला तरी पाण्याखाली एकदम उतार आणि गाळ आहे. बोट स्थानिकांकडून मिळते, तलावात पाणी असेल आणि वारा-पाऊस नसेल तर. लाइफ जॅकेट मागून घ्या, नाही म्हटलं तर बोटीत बसू नका.

तंबूत मुक्काम करायचाय. काठावर कुठेही तंबू लावता येतो का? स्पीकर, पार्टी?

कुठेही नाही. जलाशयाचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. 1986 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 362 चौरस किलोमीटरचं आहे. गावकऱ्यांनी आपल्या मालकीच्या जागेत चालवलेल्या तंबूंत राहा. पैसे गावात राहतात आणि कचरा, स्वयंपाक, रात्रीची सोबत याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. अभयारण्यात दारू, मोठा आवाज, फटाके यांना बंदी आहे. इथल्या मुलांची सकाळी शाळा असते आणि लावणीच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस पहाटे चिखलात उभं असतं, हेही एक कारण आहे.

जेवायला काय मिळतं? इथला तांदूळ विकत मिळतो का?

घरगुती जेवण सांगून ठेवावं लागतं, चार तास आधी तरी. भात, नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, पावसाळ्यात रानभाज्या, मांसाहारी असाल तर गावरान कोंबडी. तांदूळ जरूर घ्या, पण ‘इंद्रायणी’च मागू नका. काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी ही जुनी वाणं अजून काही घरांत आहेत. बियाणं जपण्याचं काम याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी केलं आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नवा तांदूळ दिवाळीनंतर मिळतो. उन्हाळ्यात शेतात जळलेले काळे चौकोन दिसले तर वणवा समजून घाबरू नका, तो राब आहे: पालापाचोळा, शेण पसरून भाजलेली ती जमीन, जिच्यात भाताची रोपं टाकायची असतात.

धरण झालं तेव्हा इथली माणसं कुठे गेली? त्यांना पाणी मिळतं का?

खोऱ्याच्या तळातली सपाट, भाताची जमीन पाण्याखाली गेली आणि माणसं वर उतारावर सरकली. आज काठाने दिसणाऱ्या वाड्या-पाड्यांतली बहुतेक घरं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहेत. शेती मुख्यतः पावसाची. तलाव घराच्या ओट्यावरून दिसतो, पण त्याचे कालवे खाली मैदानात सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या पाड्यांत बाया डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतील. त्यांचे फोटो काढू नका. गावातल्या घरी जेवलात, वाटाड्या गावातला घेतलात, तर तुमच्या सहलीचा उपयोग निदान इथल्या कोणाला तरी होतो.

भंडारदऱ्याला फार्महाऊससाठी प्लॉट स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

कागद पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. हा आदिवासी क्षेत्राचा भाग आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. ‘नोटरी करून देतो’, ‘मालकाच्या नावावरच ठेवू, ताबा तुमचा’, ‘99 वर्षांचा करार करू’ या सगळ्या वाटा याच कायद्याला वळसा घालणाऱ्या आहेत. त्यात तुमचे पैसे बुडतात आणि त्या घराची जमीन अडकते. अभयारण्य आणि जलसंपदा विभागाच्या संपादित जमिनीचे निर्बंध याशिवाय वेगळे.

सातबारावर काही शेरा नसला तरी खातेदार कोणत्या समाजाचा आहे आणि जुने फेरफार काय सांगतात हे तलाठी कार्यालयात स्वतः जाऊन पाहा. जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर दिसली तर ती त्याच्याकडे कधी आणि कशी आली तेही तपासा, कारण आदिवासींच्या जुन्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचाही कायदा 1975 पासून आहे.